यूएसबी हाय-स्पीड बोर्ड १२ मेगाबिटवरच अडकतो किंवा मध्येच सुटतो: कुठून तपासायचं, कुठे थांबायचं

हे टिपण दोन प्रकारच्या बोर्डांसाठी आहे. एक, ज्यांच्यावर यूएसबी३३०० किंवा यूएसबी३३२० सारखी वेगळी ट्रान्सीव्हर चिप (पुढे तिला फाय म्हणू) आहे आणि ती यूएलपीआय बसने मायक्रोकंट्रोलरला किंवा एफपीजीएला जोडलेली आहे. दुसरा, एफटी२२३२एच किंवा सीवाय७सी६८०१३ए यांसारख्या, फाय आतच असलेल्या कंट्रोलरचे बोर्ड. हाय-स्पीड म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट, फुल-स्पीड म्हणजे १२. यूएसबी ३ च्या ५ गिगाबिटच्या जोड्यांबद्दल इथे काही नाही.

लक्षणं

१. बोर्ड ओळखला जातो, पण फुल-स्पीड म्हणून. लिनक्सवर एलएसयूएसबी -टी दिलं की ४८०एम ऐवजी १२एम दिसतं. फाइल पाठवली तर सेकंदाला १ मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. फुल-स्पीड बल्कची (मोठा डेटा पाठवायच्या पद्धतीची) कमाल मर्यादाच सेकंदाला सुमारे १.२ मेगाबाइट आहे, त्यामुळे हा आकडा दिसला की निदान जवळजवळ पक्कं.

२. हाय-स्पीड म्हणून ओळखला जातो, क्षणात सुटतो, परत येतो, परत सुटतो.

३. अजिबात ओळखला जात नाही. लिनक्सच्या डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) -७१ किंवा -११० ही त्रुटी, विंडोजवर कोड ४३.

४. एका केबलवर चालतो, दुसऱ्यावर नाही. टाइप-सी असेल तर प्लग एका बाजूने चालतो, उलटा घातला की नाही.

५. जून ते सप्टेंबर सकाळी उठत नाही, तासाभराने किंवा गरम हवा मारल्यावर उठतो.

वेग सेकंदाला १० मेगाबाइट मिळतोय आणि तुम्हाला ३५-४० हवेत, अशी तक्रार असेल तर हार्डवेअरला हात लावू नका. फुल-स्पीडवर १० मिळूच शकत नाहीत, म्हणजे जोडणी हाय-स्पीडचीच आहे. बहुधा एंडपॉइंटला (डिव्हाइसमधल्या डेटाच्या मार्गाला) एकच बफर दिलेला असतो किंवा संगणकाच्या बाजूने एकावेळी छोटी छोटी रिक्वेस्ट जात असते. मध्ये पॅकेट खराब होऊन पुन्हा पाठवली जात असतील तरीही वेग घटतो, पण प्रयत्न सलग फसले तर डीमेसगमध्ये खुणा सापडतात.

केबल, पोर्ट, हब

सुरुवात इथूनच, कारण याला खर्च शून्य. मोबाइल चार्जिंगच्या अनेक केबलींत डेटाच्या तारा नसतातच. ज्यांत असतात त्यांतही त्या पिळलेल्या असतीलच असं नाही. ५ मीटर ही केबलची कमाल लांबी. चाचणीसाठी १ मीटरपेक्षा मोठी घेऊ नका. डेस्कटॉप असेल तर पाठीमागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. पुढच्या पॅनेलच्या पोर्टामागे कॅबिनेटमध्ये आणखी एक केबल लपलेली असते आणि तिचा दर्जा तुम्हाला माहीत नसतो.

मग बोर्ड आणि संगणक यांच्यामध्ये एक चांगला हाय-स्पीड हब लावून बघा. हब सिग्नल नुसता पुढे ढकलत नाही, नव्याने उभा करून पाठवतो. हबमार्गे चालतंय आणि थेट लावल्यावर नाही, असं झालं तर तुमचा सिग्नल काठावर आहे: फायची सेटिंग बहुतेक बरोबर, खोट तारांत, कपॅसिटन्समध्ये किंवा पुरवठ्यात. कुठल्याही संगणकावर, कुठल्याही हबवर तो १२ वरच येत असेल, तर आधी फर्मवेअर.

मध्ये यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारी चिप) आहे का तेही बघा. पॅनेलमध्ये बसणाऱ्या बोर्डांवर एडीयूएम४१६० सर्रास दिसतो आणि तो १२ मेगाबिटच्या वर जातच नाही. आयसोयूएसबी१११ चंही तेच. ४८० साठी आयसोयूएसबी२११ सारखी हाय-स्पीडचीच चिप लागते.

फर्मवेअर आणि सेटिंग

लक्षण क्रमांक १ चं सर्वांत मोठं कारण इथे आहे आणि ते सोल्डरिंगने सुटत नाही. एसटीएम३२एफ४०७ वर 'ओटीजी एचएस' नावाचा कंट्रोलर आहे. नाव एचएस असलं तरी त्याच्या आतला फाय फक्त फुल-स्पीडचा आहे. डी प्लस आणि डी मायनस (डेटाच्या दोन तारा) पीबी१५ आणि पीबी१४ या पिनांवर आणले असतील तर कितीही डोकं फोडलं तरी १२ च मिळणार. ४८० साठी यूएलपीआयवर बाहेरचा फाय लावावा लागतो किंवा एसटीएम३२एफ७२३ सारखी, हाय-स्पीड फाय आत असलेली चिप घ्यावी लागते. बोर्ड बनवून झाल्यावर हे लक्षात आलं तर त्यावर जुगाड नाही.

बाहेरचा फाय असेल तर तीन गोष्टी बघा. कंट्रोलरमध्ये वेगाची निवड हाय-स्पीडवर आहे का. यूएलपीआयच्या सगळ्या पिनांचा वेग सर्वांत वरच्या पातळीवर ठेवलाय का. आणि हाय-स्पीडच्या डिस्क्रिप्टरमध्ये (डिव्हाइस संगणकाला स्वतःची जी माहिती देतो तिच्यात) बल्क एंडपॉइंटचं पॅकेट ५१२ बाइटचं आहे का. ६४ लिहिलं असेल तर ते फुल-स्पीडच्या उदाहरणातून उचललेलं असतं.

कंट्रोलरचा सॉफ्ट रीसेट देताना कोड तिथेच लटकत असेल, तर फायकडून ६० मेगाहर्ट्झचा क्लॉक येत नाहीये. तो नसला की रीसेटचा बिट स्वतःहून उतरत नाही. बोर्ड यूएसबी३३०० वरून यूएसबी३३२० वर नेला असेल तर आधी रीसेट पिन बघा. ३३०० ची रीसेट पिन वर गेली की रीसेट होतो, ३३२० ची खाली गेली की. जुनं सर्किट तसंच उतरवलं की नवा फाय कायम झोपलेला राहतो आणि दोष चिपला दिला जातो.

पुरवठा

मल्टिमीटरने बोर्डाच्या कनेक्टरवर व्हीबस (यूएसबीची ५ व्होल्टची तार) मोजा, बोर्ड पूर्ण भारावर असताना. बारीक केबलीत पुरवठ्याची तार २८ गेजची असते: मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दीड मीटरच्या केबलीत जायची-यायची मिळून ३ मीटर तार, म्हणजे ०.६४ ओहम, ५०० मिलिअँपिअरला ०.३२ व्होल्ट तिथेच जातात. २४ गेजच्या केबलीत हाच तोटा ०.१३ व्होल्ट.

आता यापुढे एएमएस१११७ बसवा, जो आपल्याकडे निम्म्या बोर्डांवर असतो. पूर्ण भाराला त्याला आत-बाहेर १.१ ते १.३ व्होल्टचा फरक लागतो. कनेक्टरवर ४.४ व्होल्ट पोचले तर ३.३ साठी उरतात १.१. मोटर, डिस्प्ले किंवा वायफाय सुरू झालं की ३.३ ची रेल बसते आणि फाय रीसेट होतो. लक्षण क्रमांक २ अनेकदा एवढंच असतं. मल्टिमीटरला ही बुडी दिसत नाही. स्कोपचा ट्रिगर ३.१ व्होल्टवर, उतरत्या कडेला लावून ठेवा. उपाय कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर किंवा जाड केबल.

व्हीबसवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणं हा उपाय नव्हे. डिव्हाइसच्या बाजूने तिथे १ ते १० मायक्रोफॅरड चालतात. जास्त लावले की केबल जोडताच प्रवाहाचा लोंढा येतो, पोर्ट स्वतःला बंद करतो आणि एक नवीनच लक्षण हाती येतं. मोठा कपॅसिटर हवाच असेल तर तो रेग्युलेटरच्या पुढे, सॉफ्ट-स्टार्टसकट.

क्रिस्टल, बायस रेझिस्टर आणि पोटाखालचा पॅड

हाय-स्पीडला क्लॉक ±५०० पीपीएमच्या (दहा लाखांत ५०० भागांच्या) आत लागतो. फुल-स्पीडला ±२५०० चालतात. म्हणूनच भरकटलेल्या क्रिस्टलवरचा बोर्ड १२ वर चालतो आणि ४८० वर नाही. क्रिस्टलच्या पायावर प्रोब लावू नका, प्रोबची स्वतःची १०-१५ पिकोफॅरड क्षमता वारंवारता हलवते. फायच्या क्लॉक आउट पिनवर मोजा: ६० मेगाहर्ट्झला ५०० पीपीएम म्हणजे ३० किलोहर्ट्झ. एवढा फरक बऱ्यापैकी कुठलाही डिजिटल स्कोप दाखवतो.

लोड कपॅसिटरचं गणित सोपं आहे. क्रिस्टल १८ पिकोफॅरडचा आणि ट्रेस-पिनांची क्षमता ४ धरली, तर प्रत्येक बाजूला (१८ − ४) × २ = २८, म्हणजे बाजारात मिळणारा २७ पिकोफॅरडचा. अडचण अशी की लॅमिंग्टन रोडवर सुटा घेतलेल्या क्रिस्टलच्या डब्यावर २४.००० एवढंच असतं, लोड क्षमता नसते. १२ चा आहे की २० चा, दुकानदारालाही सांगता येत नाही. प्रोटोटाइपला ठीक, उत्पादनाला पार्ट नंबर असलेलाच क्रिस्टल घ्या.

बायस रेझिस्टर हा या अख्ख्या बोर्डावरचा सर्वांत दुर्लक्षित घटक. यूएसबी३३०० ला १२ किलोओहम, यूएसबी३३२० ला ८.०६ किलोओहम, एफटी२२३२एच ला १२ किलोओहम, सगळे १ टक्क्याचे. फाय याच रेझिस्टरवरून आपला प्रवाह ठरवतो. हाय-स्पीडला तारेत १७.७८ मिलिअँपिअर जातात, दोन्ही टोकांचे ४५ ओहम समांतर मिळून २२.५ ओहम होतात आणि म्हणून ४०० मिलिव्होल्ट उभे राहतात. रेझिस्टर चुकला की हा पूर्ण हिशेब चुकतो. ८.०६ चटकन मिळाला नाही म्हणून ८.२ चा ५ टक्केवाला बसवलेले बोर्ड हमखास सापडतात. ते टेबलावर चालतात आणि गिऱ्हाइकाच्या लांब केबलीवर गळतात. बोर्ड बंद ठेवून मीटरने मोजा. त्या पिनवर कपॅसिटर लावू नका.

क्यूएफएन (बाहेर पाय नसलेल्या, चपट्या) चिपच्या पोटाखालचा पॅड हाच तिचा मुख्य ग्राउंड असतो. हाताने हॉट एअरने बसवलेल्या चिपमध्ये कडेच्या पिना झकास दिसतात आणि पोटाखाली सोल्डर वितळलेलंच नसतं. चिपवर लाकडी काडीने हलका दाब द्या; वागणं बदललं तर संशय पक्का. फ्लक्स लावून खालून प्रीहीट देत पुन्हा वितळवा.

पावसाळ्याच्या तक्रारी बहुतेक वेळा याच भागातल्या. क्रिस्टलभोवती राहिलेला फ्लक्स दमट हवेत पाणी धरतो, आणि ऑसिलेटर उशिरा उठतो किंवा उठतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुवा, पुसून घ्या, मग ६०-७० अंशांवर तासभर सुकवा. नुसतं धुऊन हवेत ठेवलं तर पांढरा थर परत बसतो. वर्सोवा-कुलाब्यासारख्या समुद्राच्या अगदी जवळच्या ठिकाणी कनेक्टरच्या पिनांवरचा हिरवा गंजही बघा. तो घासून टिकत नाही, कनेक्टर बदला.

यूएलपीआय बस

आधी फायची ओळख वाचा. रजिस्टर ०० आणि ०१ मधून व्हेंडर आयडी ०४२४ (हेक्स) यायला हवा. ३३०० आणि ३३२० दोन्हीला हाच. वेगळंच काही येतं, पण दर वेळी तेच येतं, तर दोन डेटा लाइनी अदलाबदल झाल्यात किंवा चिप नाव बदलून विकलेली आहे. दर वेळी बदलतं, तर टायमिंग.

मग स्क्रॅच रजिस्टर, पत्ता १६ हेक्स. तिथे काहीही लिहिलं तरी फायच्या कामावर परिणाम होत नाही. एकेक बिट १ करून आठही लाइनी लिहा-वाचा, मग ५५ आणि एए (हेक्स) आळीपाळीने हजारो वेळा. एक बिट कायम अडकला तर ती लाइन लागत नाही किंवा शेजारणीला चिकटली आहे. शेकड्यात एखादी चूक आली तर टायमिंग: ६० मेगाहर्ट्झचा कालावधी १६.६७ नॅनोसेकंद, त्यात यूएलपीआय मानकाने एका बाजूला ९ नॅनोसेकंद आउटपुट विलंब आणि दुसऱ्या बाजूला ६ सेटअप दिलेत. उरतात १.६७. ट्रेसला तेवढे पुरतात. फितीच्या वायरीवर लटकवलेल्या मॉड्यूलला नाही. फाय वेगळ्या मॉड्यूलवर असेल तर वायर ५ सेंटिमीटरच्या आत आणि क्लॉकशेजारी ग्राउंडची तार हवीच.

चर्प: खरं निदान इथे होतं

चर्प म्हणजे हाय-स्पीड ठरवताना डिव्हाइस आणि संगणक यांच्यात होणारी खुणांची देवाणघेवाण. स्कोप १०० मेगाहर्ट्झचा असला तरी पुरे. डी प्लस आणि डी मायनस दोन चॅनेलवर घ्या, वेळ २०० मायक्रोसेकंद प्रति घर, आणि केबल जोडा. हाय-स्पीड डिव्हाइस आधी फुल-स्पीड म्हणूनच उभा राहतो, डी प्लसवर १.५ किलोओहमच्या पुल-अपने. संगणक रीसेट देतो, दोन्ही तारा शून्यावर. मग डिव्हाइस डी मायनसवर चर्प-के देतो, १ ते ७ मिलिसेकंद, सुमारे ८०० मिलिव्होल्ट उंचीचा. संगणक उत्तर म्हणून के (डी मायनसवर) आणि जे (डी प्लसवर) आळीपाळीने पाठवतो, प्रत्येक ४० ते ६० मायक्रोसेकंदांचा. डिव्हाइसने तीन जोड्या ओळखल्या की तो पुल-अप काढतो, ४५ ओहमचे टर्मिनेशन लावतो आणि उंची ८०० वरून ४०० वर येते.

डिव्हाइसचा चर्प-के नाही: मागे फर्मवेअरकडे जा, ट्रेसला हात लावू नका.

चर्प-के आहे, संगणकाचं उत्तर नाही: तो पोर्ट फुल-स्पीडचा आहे, मध्ये आयसोलेटर आहे, किंवा चर्पची उंची कमी पडते. उंची ४००-५०० दिसली तर बायस रेझिस्टर, किंवा तारांवर काहीतरी लोंबतंय.

उत्तर आलं, पण उंची ८०० वरच राहिली: डिव्हाइसने टर्मिनेशन लावलेलंच नाही. यूएलपीआयवरून फायच्या फंक्शन कंट्रोल रजिस्टरमध्ये (पत्ता ०४) लिहिलं जातंय का बघा.

सगळं नीट होऊन नंतर सुटतं: संगणक हाय-स्पीडमध्ये सुटणं ओळखतो ते उंचीवरून. मायक्रोफ्रेमच्या सुरुवातीच्या खुणेच्या शेपटीत त्याला ६२५ मिलिव्होल्टच्या वर दिसलं की समोर कोणी नाही असं तो धरतो. म्हणजे एक तार क्षणभर सुटली, कनेक्टरचा टाका कोरडा असला, तरी पुरवठा शाबूत असताना डिव्हाइस 'गेलं'. कनेक्टर हलवत हे पाहता येतं.

टाइप-सी एकाच बाजूने चालत असेल तर स्कोपचीही गरज नाही. ए६ आणि बी६ (डी प्लस), ए७ आणि बी७ (डी मायनस) बोर्डावर एकमेकांना जोडलेत का ते मीटरच्या बीपने तपासा. सीसीच्या (टाइप-सीची जोडणी ओळखणाऱ्या) दोन्ही पिनांना स्वतंत्र ५.१ किलोओहम हवा. दोघींत एकच लावला तर काही केबलींवर पुरवठाच मिळत नाही.

तारांवर लटकलेली माणसं

आता सोल्डरिंग आयर्न. डी प्लस-डी मायनसवर फाय आणि कनेक्टर यांच्यामध्ये जे जे आहे ते एकेक काढून बघा.

पहिला संशयित २२ किंवा ३३ ओहमचे सिरीज रेझिस्टर. ते फुल-स्पीडच्या जमान्यातले. हाय-स्पीड फायमध्ये ४५ ओहम आतच जुळवलेले असतात, बाहेर आणखी २२ घातले की उंचीही पडते आणि जुळणीही. डेटाशीटने मागितले नसतील तर तिथे शून्य ओहम.

दुसरा ईएसडी (स्थिर विजेपासून वाचवणारा) डायोड. एसएमएजे५.० सारखा पुरवठ्याचा टीव्हीएस डायोड डेटावर लावला तर त्याची शेकडो ते हजारो पिकोफॅरड क्षमता ४८० मेगाबिट गिळून टाकते. यूएसबीएलसी६-२ (कमाल ३.५ पिकोफॅरड) चालतो, टीपीडी२ईयूएसबी३० (सुमारे ०.७) निवांत चालतो. डायोड काढल्यावर चाललं म्हणून तसाच बोर्ड पाठवू नका. कमी क्षमतेचा बसवा.

तिसरा कॉमन-मोड चोक. १०० मेगाहर्ट्झला ९० ओहम एवढा आकडा बघून पुरवठ्याचा चोक घेतला जातो. हाय-स्पीड डेटासाठीचाच घ्या, नाहीतर दोन शून्य ओहमने जोडून द्या.

टेस्ट मोड

चर्प नीट आहे तरीही पॅकेट खराब होत असतील तर उंची थेट मोजा. यूएसबी २.० मध्ये टेस्ट_जे नावाची स्थिती ठरवून दिलेली आहे. संगणकाने सेट फीचरची आज्ञा दिली की डिव्हाइस डी प्लसवर प्रवाह धरून ठेवतो. व्हीबस तसाच चालू ठेवून डेटाच्या दोन्ही तारा संगणकाऐवजी ग्राउंडला ४५-४५ ओहमवर न्या (९१ ओहमचे दोन समांतर, १ टक्क्याचे). मल्टिमीटरवर डी प्लस ३६० ते ४४० मिलिव्होल्ट यायला हवा, डी मायनस शून्याजवळ. टेस्ट_के मध्ये उलट. बाहेर पडायला पुरवठा तोडून जोडावा लागतो. आकडा कमी असेल तर बायस किंवा ३.३ व्होल्ट. बरोबर असेल तर आता ट्रेसकडे बघायला हरकत नाही.

ट्रेस, आणि नवा बोर्ड

सगळे इथूनच सुरुवात करतात, आणि इथे क्वचितच काही सापडतं. २५ मिलिमीटरची जोडी ओलांडायला सिग्नलला दीडशे-पावणेदोनशे पिकोसेकंद लागतात. एक बिट २०८३ पिकोसेकंदांचा. दोन ट्रेसमध्ये ३ मिलिमीटरचा फरक म्हणजे वीस पिकोसेकंद, बिटचा एक टक्का. त्यासाठी नागमोडी वळणं काढून जोडी लांबवणं म्हणजे उलटा धंदा.

खरं नुकसान करतो तो खालचा तुटलेला ग्राउंड. जोडीच्या खालून दुसरी ट्रेस आडवी गेली असेल, किंवा ॲनालॉग-डिजिटल ग्राउंडची चीर तिथून जात असेल, तर परतीचा प्रवाह वळसा घेतो. चीर फायच्या जवळ असेल तर तांब्याच्या पट्टीने सांधून बघता येते.

चार थरांच्या बोर्डात वरचा थर आणि ग्राउंड यांच्यात ०.२ मिलिमीटर असेल, तर ०.२८ रुंदीच्या ट्रेस आणि ०.२ अंतर यांनी ९० ओहमच्या जवळ पोचता. शेवटचा आकडा फॅब्रिकेटरच्या स्टॅकअपवरून (थरांच्या जाडीच्या तक्त्यावरून) घ्या. दोन थरांच्या १.६ मिलिमीटर बोर्डात मात्र ५० ओहमच्या एकट्या ट्रेसलाच सुमारे ३ मिलिमीटर रुंदी लागते. तिथे दोन्ही बाजूंना लगटून ग्राउंड, ठिकठिकाणी व्हाया, आणि फाय कनेक्टरपासून २० मिलिमीटरच्या आत. तेवढं जवळ ठेवलं तर दोन थरही चालतात.

कुठे थांबायचं

फाय वारंवार मरत असतील तर बोर्डाचं काम लगेच थांबवा आणि सॉकेट तपासा. जुन्या गाळ्यांत आणि चाळींतल्या घरगुती वर्कशॉपमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची तार मागे कुठेच गेलेली नसते. तेव्हा अर्थिंगची पिन असलेल्या पुरवठ्यातले फिल्टर कपॅसिटर संगणकाचं अंग २३० च्या निम्म्याजवळ तरंगत ठेवतात. मीटरवर संगणकाच्या धातूपासून खऱ्या अर्थपर्यंत ९०-११० व्होल्ट एसी दिसले तर कारण सापडलं. दुसऱ्या बाजूने अर्थ झालेल्या मशीनला बोर्ड जोडला की तो फरक यूएसबीतून रिकामा होतो. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने माणूस मरू शकतो.

एकाच चिपच्या जागी दोनदा हॉट एअर मारून झालं असेल तर तिसऱ्यांदा नको, पॅड उखडतात. एक्स-रे असलेल्या असेंब्लीवाल्याकडे द्या. महापे-रबाळे पट्ट्यात आणि अंधेरीच्या एमआयडीसीत चौकशी करा. बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली चिप) असेल तर पहिल्यांदाच तिकडे.

टेस्ट_जे बरोबर, ग्राउंड अखंड, तारांवर काही नाही, तरीही चुका येतात: आता आय डायग्राम (अनेक बिट एकावर एक टाकून काढलेलं चित्र) लागतो, त्यासाठी २ गिगाहर्ट्झचा स्कोप, डिफरन्शियल प्रोब आणि टेस्ट फिक्स्चर. भाड्याने प्रयोगशाळेचा अर्धा दिवस घेणं दोनदा आंधळेपणाने बोर्ड नव्याने बनवण्यापेक्षा स्वस्त पडतं. आसपासचा कॉन्टॅक्टर किंवा ड्राइव्ह सुरू झाल्यावरच बोर्ड सुटत असेल तर प्रश्न ईएमसीचा (विद्युतचुंबकीय गोंधळाचा) आहे; समीर या सरकारी संस्थेची ईएमआय-ईएमसी चाचणीची सोय खारघरला आहे.

जाताना सोबत न्या: एक चालणारा आणि एक बिघडलेला बोर्ड, स्टॅकअपसकट गर्बर फाइली (बोर्डाचा आराखडा), चर्पचे स्कोपवरचे फोटो, टेस्ट_जेचा आकडा, टेस्ट_पॅकेट (एकच पॅकेट सतत पाठवण्याची स्थिती) सुरू करता येईल असं फर्मवेअर, आणि ज्या केबलीवर बोर्ड सुटतो नेमकी तीच केबल.